अंगावरून वारं नाही, वेळ गेली!

अंकासाठी लेख द्या अशी नोटीस मेसच्या फळ्यावर लागली तेव्हा डोक्यात नेहमीचेच विषय होते. कॅम्पस इंटरव्ह्यू, मोबाईल शाप की वरदान, नाहीतर हॉस्टेलमधल्या गमतीजमती. पण खरं सांगायचं तर गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून एकच गोष्ट मनात ठाण मांडून बसली आहे आणि ती सांगितल्याशिवाय दुसरं काही लिहिणं मला जमणार नाही. विषय जरा गंभीर आहे. "हे म्हाताऱ्या माणसांचं दुखणं, आपल्याला काय त्याचं?" असं म्हणून पान उलटू नका, एवढीच विनंती.

मी कोल्हारचा. नगरहून शिर्डीला गेला असाल तर प्रवरेवरचा पूल ओलांडून आमच्या गावातूनच गेला असणार. गावात भगवतीमातेचं मंदिर, आजूबाजूला ऊस आणि कांदा. आमचं घर एकत्र आहे. वडील, मोठे चुलते म्हणजे तात्या, काकू, आजी आणि आम्ही पोरं. शेतीचा सगळा कारभार तात्यांकडे. वय चौपन्न. कधी दवाखान्याची पायरी न चढलेला माणूस, असं आम्ही अभिमानाने सांगायचो. आता कळतं की त्यात अभिमान वाटण्यासारखं काही नव्हतं.

एप्रिलअखेरची गोष्ट. मी पीएलमध्ये अभ्यासाला म्हणून घरी गेलो होतो. कांदा चाळीत भरायचं काम चालू होतं आणि त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. तात्या रात्रभर उसाला पाणी देऊन पहाटे घरी आले. सव्वासहाच्या सुमारास काकूंनी चहा दिला, तर उजव्या हातातून कप निसटला. बोलणंही जड येत होतं. काकू म्हणाल्या, "रात्रभर जागरण, पित्त झालं असेल. पडा थोडं." तात्या झोपले. मी तिथंच होतो. फरशीवरचा चहा मीच पुसला आणि पुन्हा पुस्तक घेऊन बसलो.

साडेसातला उठवायला गेलो तर तोंड वाकडं झालेलं आणि उजवा पाय उचलेना. मग घरात गर्दी झाली. शेजारचे आजोबा म्हणाले, "अंगावरून वारं गेलं." झालं! दारं-खिडक्या बंद, अंगावर घोंगडी, लसूण घालून तापवलेलं तेल. कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. कोणी म्हणालं, दोन गावं पलीकडे एक जण लकव्याचं औषध देतो, हमखास गुण येतो. जीप करून आधी तिकडे गेलो. तिथून निघून, फिरून फिरून मोठ्या रुग्णालयात पोहोचलो आणि सीटी स्कॅन झाला तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "पेशंटला शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं?" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. वडील म्हणाले, पहाटे पाचला बोललो होतो. काकू म्हणाल्या, रात्री शेतावर गेले तेव्हा चांगले होते. मी म्हणालो, सहा... साडेसहा असेल. तिघांची तीन उत्तरं. चार वर्षं जर्नलमध्ये रीडिंगं लिहिणारा मी, पण त्या दिवशी घड्याळात बघायचं मला सुचलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तात्यांचा मोबाईल माझ्या हातात आला. पहाटे पाच वाजून बावन्न मिनिटांनी त्यांनी वायरमनला फोन केला होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "चांगले खणखणीत बोलले की! डीपीवरचा फ्यूज गेलाय म्हणाले." म्हणजे पाच बावन्नला माणूस ठीक होता आणि सव्वासहाला हातातून कप पडला.

ही वेळ इतकी महत्त्वाची का? तर पक्षाघात म्हणजे वाऱ्याशी काहीएक संबंध नसलेली, मेंदूच्या रक्तपुरवठ्याची गोष्ट आहे. आपला मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के एकटा खातो. आणि त्याच्याकडे साठवणीची टाकी नाही. पुरवठा चालू तर मेंदू चालू. पुरवठा दोन प्रकारे तुटतो. एक तर रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बहुतांश पक्षाघात पहिल्या प्रकारचे असतात. सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण पॉइझ्युलचं समीकरण घोकलं होतं, आठवतंय? नळीची त्रिज्या निम्मी झाली की, बाकी सगळं तेच ठेवलं तर, प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. रक्तवाहिनी म्हणजे काही सरळ लोखंडी पाइप नव्हे, पण आत थर साचायला लागल्यावर काय होत असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

गुठळीने अडलेल्या रुग्णाला ती विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. अमेरिकेत त्याला १९९६ साली मान्यता मिळाली. पण ते साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि जितकं लवकर तितका फायदा जास्त. मोठ्या शहरांत काही निवडक रुग्णांची गुठळी तारेने बाहेर ओढून काढतात. तिथे मुदत थोडी वाढते, काहींच्या बाबतीत चोवीस तासांपर्यंत. पण आधी सीटी स्कॅन हवाच, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे चेहऱ्यावरून कळत नाही. रक्तस्राव असेल आणि गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर जिवावर बेतेल. म्हणूनच घरच्या घरी ॲस्पिरिनसुद्धा द्यायची नसते. आणि जाता जाता सांगतो, हे सीटी स्कॅनचं यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड डॉक्टर नव्हते, इंजिनीअर होते. १९७१ साली लंडनजवळच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूची अशी तपासणी झाली आणि १९७९ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तात्यांना गुठळीचाच पक्षाघात होता. सव्वासहापासून साडेचार तास धरले तर पावणेअकरापर्यंत दार उघडं होतं. इंजेक्शन प्रत्येकाला चालतंच असं नाही आणि दिलं म्हणजे माणूस पूर्ण बरा होतोच असंही नाही. पण ती संधी आम्ही तेलाच्या वाटीत आणि जीपच्या फेऱ्यांत घालवली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशोबानुसार मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मेंदूच्या सरासरी एकोणीस लाख पेशी दर मिनिटाला मरतात. सव्वासहा ते साडेबारा म्हणजे ३७५ मिनिटं. मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडला आणि उत्तर लिहून झाल्यावर ते पान फाडून टाकलं. सरासरीचा आकडा तात्यांना जसाच्या तसा लागू होत नाही हे मला समजतं. तरी पण...

हे आमच्या एकट्या घराचं दुर्दैव असतं तर मी लेख लिहिला नसता. आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. त्या भागातली माणसं मलेरियाने नाहीतर साथीने मरत असतील असं आपल्याला वाटतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वेगळाच निघाला. पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात! दर सात मृत्यूंमागे एक. आणि पक्षाघाताने गेलेल्या दहांपैकी आठांहून जास्त माणसं घरीच गेली.

गडचिरोलीत अंतरं मोठी, दवाखाने दूर. पण कोल्हारचं काय? डांबरी रस्ता दारात आहे. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय असलेलं लोणी दहा किलोमीटरच्या आत आहे. १०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून फिरते आहे. तरीही आम्हाला सहा तास लागले. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आमच्यासारख्या गावांत अडचण रस्त्याची किंवा यंत्राची नाही. आपण मोजत नाही ही अडचण आहे. पक्षाघात झाल्यावर आपण वेळ मोजत नाही आणि होण्याच्या आधी वर्षानुवर्षं रक्तदाब मोजत नाही.

या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला स्वतःचा गुन्हा कबूल करायचा आहे. तात्यांना तीन वर्षांपूर्वी बीपी निघालं होतं. डॉक्टरांनी रोज एक गोळी सांगितली होती. दोन-तीन महिने घेतली, डोकं दुखायचं थांबलं, गोळी बंद! "रोज घेतली की सवय लागते," असं त्यांचं म्हणणं. आदल्या दिवाळीत देवघराच्या फळीवर अर्धी वापरलेली गोळ्यांची स्ट्रिप मी पाहिली होती. त्यावर धूळ होती. मी काही विचारलं नाही. आणि त्या एप्रिलच्या आठ दिवस आधी कांद्याच्या गोण्या मोजताना त्यांचा उजवा हात दहा मिनिटं बधिर झाला होता आणि आकडे तोंडातून नीट निघत नव्हते. नंतर आपोआप बरं वाटलं, म्हणून सगळ्यांनी उन्हावर ढकललं. अशी काही मिनिटांत जाणारी लक्षणं हा मोठ्या झटक्याचा इशारा असतो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं असतं, हे मला नंतर कळलं.

बीपी वाढलेलं माणसाला सहसा जाणवत नाही. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. आपल्या भाषेत सांगायचं तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर दिवसाला एक लाख वेळा लोड पडतो आणि निघतो. लोड थोडा जास्त असला तर आज काही होत नाही, उद्याही होत नाही. पण भिंती कडक होत जातात, आतला थर खराब होतो आणि मग एका पहाटे कप पडतो. मशीन डिझाइनमध्ये फटीग शिकताना आपण हेच तर शिकतो.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी भयंकर वाढलेलं असायचं. त्यांच्या डॉक्टरांना ते माहीत होतं, आकडे लिहून ठेवले जात होते. पण तेव्हा धड औषधच नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला जी गोळी मिळू शकली नाही, ती आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. आणि आपण ती देवघराच्या फळीवर ठेवतो! वरचा आकडा दहाने खाली आणला तर पक्षाघाताचा धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी होतो, असं अनेक मोठ्या अभ्यासांचं एकत्रित उत्तर आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळं डॉक्टरांचं काम, त्यात इंजिनीअरिंगच्या पोरांनी का पडायचं? मला ते पटत नाही. उपचार करणं डॉक्टरांचं काम आहेच. मोजणं मात्र कोणालाही करता येतं आणि नीट मोजणं तर आपल्यालाच चांगलं जमायला हवं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला टेका, पाय जमिनीवर, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, मोजताना गप्पा नाहीत. हात हृदयाच्या पातळीवर हवा. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर पाण्याच्या स्तंभाच्या हिशोबाने रीडिंग सात-आठ मिलिमीटर जास्त येतं. मिनिटभराने दुसरं रीडिंग घ्यायचं. १४० आणि ९० किंवा त्याच्या वर वारंवार येत असेल तर डॉक्टरांकडे न्यायचं. गोळी सुरू करणं, बदलणं, बंद करणं हे त्यांनीच ठरवायचं.

दुसरा आक्षेप आमच्या रूमवर निघाला : "घरी मशीन आणलं की म्हातारी माणसं उगाच घाबरतात." घाबरतील, थोडं घाबरतील. काकू आता रोज घाबरतात, रात्री दोनदा उठून तात्यांचा श्वास बघतात. त्यापेक्षा आधी थोडं घाबरलेलं परवडलं असतं.

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. विद्यार्थ्यांना आहेत, तशाच रेक्टर सरांना आणि स्टाफलाही आहेत.

पहिली, हॉस्टेलवर एक बीपी मशीन असावं. दीड-दोन हजारांत चांगलं डिजिटल मशीन येतं. गॅदरिंगच्या डीजेचं बिल आठवा म्हणजे रक्कम मोठी वाटणार नाही. मेसमधले मामा, वॉचमन, चाळिशी ओलांडलेले सर आणि मॅडम, सगळ्यांची महिन्यातून एकदा नोंद व्हावी. पक्षाघात आपल्याकडे पाश्चात्य देशांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो, तेव्हा "अजून साठी कुठं आलीय" हे कारण चालणार नाही.

दुसरी, एनएसएसच्या शिबिरात दत्तक गावात आपण सात दिवस रस्ते झाडतो, पथनाट्य करतो. या वर्षी गावातल्या तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी आशाताईंना सोबत घेऊन मोजूया आणि यादी आरोग्य केंद्राला देऊया. आमच्या परिसरात १९५० साली शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याच मातीत गल्लीमागे एक मशीन उभं राहणार नाही, असं मला वाटत नाही.

तिसरी आपल्या स्वतःच्या ताटाबद्दल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर. मेसमध्ये भाजीवर वरून मीठ, सोबत लोणचं, पापड, रात्री बारानंतर मॅगी आणि फरसाण. हिशोब तुम्हीच करा. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण सबमिशनच्या रात्री टपरीवर काय काय मिळतं ते मी सांगायला नको. सिगारेटने पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट होतो. दारू, साखर, पोटाचा घेर, बसून राहणं, हे सगळं त्याच खात्यात जमा होतं. रोज अर्धा तास भरभर चालायला फी लागत नाही.

चौथी सूचना सगळ्यात महत्त्वाची. ही चार वाक्यं प्रत्येक मजल्यावर लावा. माणसाला हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक हात खाली येतो का बघा. गावाचं नाव सांगायला लावा, शब्द जड येतात का ऐका. यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळात बघा, वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा. अचानक तोल जाणं, एकाएकी दिसेनासं होणं, कधी झाली नव्हती एवढी डोकेदुखी, हेही त्याच यादीत. तोंडात पाणी, औषध काही घालू नका, कारण गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. आणि कृपा करून आधी तेलाची वाटी शोधू नका.

तात्यांचं विचाराल तर फिजिओथेरपीने बराच फरक पडला आहे. काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात. उजव्या हाताची मूठ अजून वळत नाही. मला हाक मारताना धाकट्या भावाचं नाव तोंडात येतं, चूक लक्षात आली की स्वतःवरच चिडतात. मी त्यांना लुई पाश्चरची गोष्ट सांगितली. १८६८ साली पंचेचाळिसाव्या वर्षी पाश्चरना पक्षाघात झाला, डावी बाजू अधू झाली आणि रेबीजची लस त्यांनी १८८५ साली, म्हणजे त्यानंतर सतरा वर्षांनी दिली. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बऱ्याच वेळाने शब्द जुळवून म्हणाले, "त्याला... शेत... होतं का?" घरात सगळे हसले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

गोळी आता रोज रात्री नऊला असते. मी हॉस्टेलवरून फोन करतो, काकू डबी उघडून मोजून सांगतात.

तुमच्याही घरून आज रात्री फोन येईल. "जेवलास का? अभ्यास कसा चाललाय?" असं विचारतील. उत्तर देऊन लगेच फोन ठेवू नका. तुम्हीही विचारा, "बीपी कधी मोजलं होतं? गोळी घेतली का?" एवढंच विचारायचं मी एका दिवाळीत विसरलो होतो.

– अंतिम वर्ष, मेकॅनिकल